मोठी मॅच कुठे बघितलीत, कोणाबरोबर? आणि संपल्यावर पहिला फोन कोणाला केलात?

गुहागरी वारा
27 वर्षं शारजात एसीच्या डक्टचं काम केलं आणि 2016ला कायमचा गावी आलो. आता मुलगा कॅनडात, ब्रॅम्प्टनला. एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळते आहे, ती इथे मांडतो.

29 जून 2024ची रात्र. बार्बाडोसला दक्षिण आफ्रिकेबरोबर टी-20 वर्ल्ड कपची फायनल, आणि आमच्याकडे पाऊस असा की पागोळ्यांच्या आवाजात टीव्ही ऐकू येईना. अक्षरच्या एका ओव्हरमध्ये 24 गेल्या, 30 बॉलमध्ये 30 हव्यात असं पडद्यावर आलं, आणि लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी आदल्याच आठवड्यात बसलेली. आमच्या घरात रेंज नाही, फक्त विहिरीजवळ फणसाखाली दोन काड्या येतात. छत्री घेऊन तिथे गेलो आणि मुलाला फोन लावला. त्याच्याकडे दुपारचा दीड वाजला होता. त्याने मला एकेक बॉल सांगितला. हार्दिकने क्लासेनला काढला, बुमराने यान्सनचा दांडा उडवला. शेवटच्या ओव्हरमध्ये 16 हव्या होत्या. पहिलाच बॉल मिलरने उचलला आणि मुलगा एकदम गप्प झाला. मला कळेना, रेंज गेली की सिक्स गेला! मग तो ओरडला, "बाबा, सूर्याने धरला! आत उडवला, बाहेर गेला, परत आत येऊन धरला!"

जिंकलो. मी फणसाखाली भिजलेला उभा, आणि डोळ्यांसमोर काय यावं? शारजातल्या रोला भागातली आमची खोली. आठ माणसं होतो आम्ही. गुहागर-चिपळूणचे तिघे, दोन मल्याळी, एक बांगलादेशातल्या सिल्हेटचा, दोन पाकिस्तानातल्या पेशावरचे. तिथे होतो तेव्हा प्रत्येक मोठ्या मॅचला मला हे अंगण दिसायचं. आई पडवीत बसून तांदूळ निवडते आहे, वडील रेडिओला कान लावून बसलेत, असं सगळं. आता अंगणात उभा होतो तर ती खोली दिसत होती.

तुमचंही असं होतं का? मोठी मॅच तुम्ही कुठे, कोणाबरोबर बघितलीत? आणि संपल्यावर पहिला फोन कोणाला केलात?

नेट बॉलर
शारजात होतात म्हणजे 1998चं वाळूचं वादळ बघितलं असणार! आधी ते सांगा काका, बाकी सगळं नंतर.

श्रीवर्धनकर
काका, तुमचं वाचून आमचे मामा आठवले. 18 एप्रिल 1986ला ते स्टेडियममध्ये होते. शुक्रवार होता. आखातात तेव्हा सुट्टी शुक्रवारची, म्हणून शारजाच्या फायनल शुक्रवारी असायच्या आणि साइटवरची सगळी माणसं तिथे लोटायची. शेवटच्या बॉलवर 4 हव्या होत्या. चेतन शर्माचा यॉर्कर टाकायचा विचार होता, तो पडला फुलटॉस, आणि पाकिस्तानच्या मियाँदादने त्यावर सिक्स मारला ते सगळ्यांना माहीत आहे.

फोन तेव्हा परवडायचा नाही. श्रीवर्धनला आमच्या आळीत फोन नव्हताच. मामा कॅसेट भरून पाठवायचे. गावी जाणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेत साबण, टायगर बाम आणि एक कॅसेट असायची. त्या वेळच्या कॅसेटमध्ये आधी सगळ्यांची खुशाली विचारली, नारळ उतरवले का विचारलं, आणि मग म्हणाले, "मॅच हरलो आपण." त्यानंतर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. शेवटी म्हणाले, "बसमध्ये परत येताना एकही माणूस बोलला नाही." आजी ती टेप दोनदा ऐकायची. तिला क्रिकेट कळत नव्हतं. पंख्याच्या आवाजापाशी आली की म्हणायची, "उकडत असेल माझ्या पोराला तिकडे."

मी स्वतः कुवेतला आहे, 14 वर्षं. इथलं घड्याळ गावाच्या अडीच तास मागे. म्हणून गावातली मॅच संपते तेव्हा आमची ड्यूटी संपत असते. पहिला फोन बायकोला. पण ती आधी सांगते, पंप बिघडला, आणि मग मॅच.

मालवणी खाजा
मॅच ऱ्हवली बाजूक. त्या आठ माणसांच्या खोलीत जेवण कोण करी, आणि माशे मिळत होते काय, ता सांगा आधी!

गुहागरी वारा
@नेट बॉलर, @मालवणी खाजा, दोघांनाही एकदमच सांगतो, कारण दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळच्या आहेत.

22 एप्रिल 1998 बुधवार होता, म्हणून मला तिकीट काढता आलं नाही. संध्याकाळी कामावरून परतलो. त्या दिवशी जेवणाची पाळी माझी. आमच्या मेसमध्ये पाळी लावलेली असायची, आठवड्याचा एक दिवस प्रत्येकाचा, आणि आठवा, सिल्हेटचा माणूस, मासे साफ करायचा. त्याच्याइतके मासे मी कोकणातही कोणाला साफ करताना बघितले नाहीत. बाजारात शेरी मिळायचा, सुरमई मिळायची, तिला तिथे कनाद म्हणतात. मी कोकम घालून सुरमईचं कालवण टाकलं होतं. कोकम गावाहून आणलेलं, डब्यात कुलूप लावून ठेवायचो.

ऑस्ट्रेलियाने 284 केल्या होत्या. आपली बॅटिंग चालू असताना आकाश आधी पिवळं, मग गेरूसारखं झालं. आमच्या खोलीची खिडकी नीट लागायची नाही. कालवणावर वाळूचा थर बसला. टीव्हीवर खेळाडू मैदानात आडवे झोपलेले दिसत होते, आणि आम्ही खोलीत टॉवेल ओले करून खिडकीच्या फटीत कोंबत होतो. वादळ गेल्यावर चार ओव्हर कमी झाल्या आणि टार्गेट 46 ओव्हरमध्ये 276 झालं. फायनलला जायला मात्र, रन काढण्याच्या वेगाच्या हिशोबावर, 237 पुरे होत्या. सचिनने 131 बॉलमध्ये 143 केल्या. मॅच हरलो, 250वर थांबलो. मी डोक्याला हात लावून बसलो. आमच्यातला एक मल्याळी, अकाउंटचं काम करणारा, बोटं मोजून म्हणाला, "नेट रन रेट, भाई! फायनलमध्ये आपण आहोत." त्याने कागदावर गणित करून दाखवलं तेव्हा पटलं.

त्यानंतर सगळ्यांनी ते कालवण खाल्लं. दातांखाली वाळू करकरत होती. पेशावरचा एक जण, वयाने सगळ्यात मोठा, आम्ही त्याला लाला म्हणायचो, तो म्हणाला, "आज का खाना सचिन के नाम."

शुक्रवारी 24 तारखेला फायनल. सचिनचा 25वा वाढदिवस. तिकीट लालाने काढलं होतं, स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी. पुन्हा शतक, 134. मी स्टेडियममध्ये होतो. त्या रात्री गावात फोन एकाच दुकानात होता, आणि तो बंद झालेला. म्हणून पहिला माणूस ज्याला मी सांगितलं तो लाला. खोलीवर जाऊन झोपेतून उठवून सांगितलं.

तांबडी माती
वाचायला गोड आहे, पण मला पटत नाही काका. माझा भाऊ दुबईत होता. 2003ला सेंच्युरियनला आपण पाकिस्तानला हरवलं त्या रात्री त्याच्या खोलीत मारामारी झाली, त्याचा दात पडला. सगळीकडे लाला नसतात. पाकिस्तानी रूममेटचं कौतुक करताना हेही लिहावं.

गुहागरी वारा
@तांबडी माती, तुमच्या भावाचं वाईट वाटलं. असं व्हायचं, आमच्या बिल्डिंगमध्येही झालं आहे. म्हणून आमच्या खोलीचा नियम होता की भारत-पाक मॅचच्या दिवशी जेवण आधी, मॅच नंतर. एका ताटात जेवलेला माणूस हात उचलायला थोडा थांबतो. मी माझ्या खोलीबद्दल लिहिलं, सगळ्या आखाताबद्दल नाही.

लालबागचा चाकरमानी
सगळे आखात आणि कॅनडाबद्दल बोलताय. मुंबईला गेलेला माणूस काय घरी होता का?

माझे वडील संगमेश्वर तालुक्यातून गिरणीत आले. गावकीची खोली होती चाळीत, दहा बाय बाराची. पाळी संपवून माणूस आला की दुसऱ्याने मोकळी केलेली जागा घ्यायची. 25 जून 1983ला, वर्ल्ड कप फायनलच्या दिवशी, त्या खोलीत 20 माणसं रेडिओभोवती होती. गिरणी संप सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. निम्म्या माणसांना पगार नव्हता, बरेच गावी परतलेले. आपण 183वर आटोपलो तेव्हा वडील उठून जिन्यात जाऊन बसले. कपिलने मागे धावत रिचर्ड्सचा कॅच घेतला तेव्हा कोणीतरी त्यांना ओढत आत आणलं. वेस्ट इंडिज 140 ऑल आउट. वडील सांगायचे, त्या रात्री ज्यांच्या खिशात काही नव्हतं त्यांनी पेढे वाटले, आणि वाण्याने ते उधारीवर दिले.

त्यांनी पहिला फोन कोणालाच केला नाही. गावी पत्र लिहिलं. आईने ते ठेवलं होतं. त्यात मॅचबद्दल एकच ओळ आहे, "आपण जगज्जेते झालो, मनीऑर्डर या महिन्यात उशिरा येईल."

तेव्हा धाग्यात आम्हालाही धरा.

श्रीवर्धनकर
धरलं भाऊ. शेवटची ओळ दोनदा वाचली.

सातासमुद्रापलीकडची
बायकांचं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते.

माझं माहेर देवगडजवळ. मॅच असली की पडवीत सगळे पुरुष आणि आम्ही मागच्या दारी. माझं काम चहाचं. मी स्कोअर चहाच्या ट्रेसकट ऐकत आले. 2 एप्रिल 2011ला वर्ल्ड कप फायनलमध्ये गंभीर 97वर बाद झाला तेव्हा मी गॅससमोर होते आणि धोनीचा शेवटचा सिक्स मी फक्त आवाजाने बघितला. पाडवा दोन दिवसांवर होता, घरात साफसफाई चालू, आणि सगळे अंगणात नाचत होते. मला कोणी हाक मारली नाही असं नाही. मारली, पण चहासाठी.

लग्न होऊन मेलबर्नला आले. 23 ऑक्टोबर 2022, दिवाळीच्या आदल्या दिवशी, मी एमसीजीवर, म्हणजे मेलबर्नच्या मोठ्या क्रिकेट मैदानावर, भारत-पाक मॅचला होते. 90 हजारांवर माणसं. आपण 4 बाद 31. शेजारी लाहोरची एक मुलगी तिच्या बाबांबरोबर बसली होती. कोहलीने पाकिस्तानच्या रौफला मागे जाऊन सरळ सिक्स मारला तेव्हा ती मुलगी सुद्धा उठून उभी राहिली. मी चकल्यांचा डबा नेला होता, सिक्युरिटीने आत सोडला. तो आम्ही तिघांनी संपवला. जिंकल्यावर पहिला फोन आईला केला. आई म्हणाली, "तू आत होतीस? खुर्चीवर बसून? सगळी मॅच?" तिला मॅचपेक्षा त्याचं नवल वाटलं.

पण मला सांगायचं आहे ते 2 नोव्हेंबर 2025चं. नवी मुंबईत आपल्या मुलींची वर्ल्ड कप फायनल. पावसामुळे उशिरा सुरू झाली. माझ्याकडे पहाट. मी गजर लावला होता पण डोळा लागला. साडेपाचच्या सुमारास फोन वाजला. आई! गावात मध्यरात्र, आणि माझी आई, जी कधी नऊनंतर जागी राहिली नाही, ती फोनवर ओरडते आहे, "हरमनप्रीतन झेलल्यान गो! मागे धावत धावत झेलल्यान!" शफालीच्या 87, दीप्तीचे 5 बळी, तिला सगळं पाठ. मी विचारलं, बाबा कुठे आहेत? म्हणाली, "चाय करायला गेलेत."

काका, तुम्ही विचारलंत पहिला फोन कोणाला. मला पहिल्यांदा पहिला फोन आला.

नेट बॉलर
ताई 🙏 बाबांच्या चहाला साखर किती होती विचारा.

सातासमुद्रापलीकडची
आई म्हणाली, "गोड जास्त झाली, पण प्यायले."

खाडीपट्टा
आमचं गाव चिपळूणच्या पुढे, खाडीकाठी. पणजोबांचे भाऊ बोटीने केपटाऊनला गेले. तिथे आमच्याकडच्या कोकणी मुसलमानांची वस्ती शंभराहून जास्त वर्षांची आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीचे चुलते अजून दोन-चार शब्द कोकणी बोलतात, शिरखुर्मा आमच्यासारखाच करतात. आणि सपोर्ट दक्षिण आफ्रिकेला.

आता विचार करा, 29 जून 2024. काकांच्या विहिरीवर मुलाचा आवाज येत होता तेव्हा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे. 30 बॉल 30 झाल्यावर केपटाऊनवाल्यांनी मिठाईचे फोटो टाकायला सुरुवात केली. शेवटची ओव्हर झाल्यावर ग्रुपवर अर्धा तास कोणीच काही लिहिलं नाही. आम्हीही नाही. त्यांचा जीव तुटला आहे हे कळत होतं, त्यांच्या पुरुषांच्या टीमची पहिलीच वर्ल्ड कप फायनल होती. शेवटी आमच्या फुफूने, म्हणजे आत्याने, व्हॉइस मेसेज टाकला, "बाळांनो, जेवून घ्या."

तांबडी माती भाऊ, कोणाचा सपोर्ट कुठे यावरून माणूस मोजायचा म्हटलं तर आमच्या घरात कोण आपलं आणि कोण परकं?

जाता जाता एक अभिमानाची गोष्ट. आमच्या कालुस्त्याचे गुलाम पारकर 1982ला लॉर्ड्सवर टेस्ट खेळले, सुनील गावसकरांबरोबर ओपनिंगला. त्याच टेस्टमध्ये दुसऱ्या डावात 157 काढणारे दिलीप वेंगसरकर जन्माने राजापूरचे. खाडीकाठचा एक आणि राजापूरचा एक, एकाच टीममध्ये लॉर्ड्सवर!

तांबडी माती
@खाडीपट्टा, मी माणूस मोजत नव्हतो, दाताचं दुःख सांगत होतो. पण तुमच्या फुफूंना माझा नमस्कार सांगा. आणि पारकरांचं मला माहीत नव्हतं.

ब्रॅम्प्टनचा बर्फ
सपोर्टचा विषय निघालाच आहे तर. 1990 साली इंग्लंडच्या नॉर्मन टेबिट नावाच्या खासदाराने हाच प्रश्न काढला होता, बाहेरून आलेली माणसं क्रिकेटमध्ये कोणाला सपोर्ट करतात? त्यावरून ते आपले झाले की नाही हे कळतं, असं त्याचं म्हणणं. मला ते तेव्हाही खटकलं, आताही खटकतं. मी इथे टॅक्स भरतो, बर्फ काढतो, शेजाऱ्याच्या आईला दवाखान्यात नेतो. रविवारी पहाटे चारला उठून भारताची मॅच बघितली म्हणून यातलं काय कमी झालं?

माझी मुलगी आइस हॉकी बघते. टोरांटोच्या टीमसाठी रडते. पहिल्यांदा मला वाईट वाटलं. मग तिने एकदा माझ्या शेजारी बसून विचारलं, "बाबा, तुझे बाबा तुझ्याबरोबर काय बघायचे?" मी सांगितलं, मे महिन्यातल्या टेनिस बॉलच्या टुर्नामेंट. भातशेतीच्या मळ्यात पिच, चाकरमानी विरुद्ध गाववाले, लाउडस्पीकरवर मालवणीत कॉमेंट्री, आणि बक्षीस म्हणून बोकड. तिला बोकडाचं खरंच वाटेना.

मालवणी खाजा
बोकड आता ऱ्हवलो नाय. आता दुबईवाले चषक आणि रोख देतत. पण बोकडाची मजा येगळीच.

गुहागरी वारा
@ब्रॅम्प्टनचा बर्फ, माझा मुलगाही तुमच्याच गावात! टेनिस बॉलवरून आठवलं. शुक्रवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, आम्ही शारजात गाड्यांच्या पार्किंगमध्ये खेळायचो. बॉलला इलेक्ट्रिकची टेप गुंडाळायची पद्धत लालानेच शिकवली. एका बाजूला टेप जाड केली की बॉल असा वळतो की बॅट्समन बघत राहतो. सुट्टीत गावी आलो तेव्हा मी तोच बॉल मळ्यात टाकला. पोरांना वाटलं मी काहीतरी जादू शिकून आलो.

कतारी कोकण्या
फुटबॉलचं कोणी लिहिलं नाही. मी दोह्यात ड्रायव्हर आहे. 18 डिसेंबर 2022, लुसैलला वर्ल्ड कपची फायनल. तिकीट आपल्या आवाक्याबाहेर. इंडस्ट्रियल एरियात एशियन टाउनच्या क्रिकेट स्टेडियममध्ये कामगारांसाठी मोठा पडदा लावला होता. नेपाळी, बंगाली, केनियाचे, आपले रत्नागिरीचे, सगळे तिथे. एम्बापेने दोन मिनिटांत दोन मारले तेव्हा मी शेजारच्या नेपाळ्याचा हात एवढा घट्ट धरला की तो म्हणाला, "दाजु, हात!" त्यातल्या काही जणांनी ती स्टेडियमं बांधायला काम केलेलं. एक जण पडद्यावर छत दिसलं की प्रत्येक वेळी बोट दाखवायचा, त्याने तिथे काम केलं होतं. मॅच कोण जिंकलं यापेक्षा ते बोट लक्षात राहिलं.

पहिला फोन धाकट्या भावाला. तो मेस्सीवेडा. फोनवर नुसता हुंदका.

शिमगा
हरलेल्या मॅचचंही लिहू द्या. 23 मार्च 2003, वर्ल्ड कपची फायनल, आमच्याकडे शिमगा चालू. ऑस्ट्रेलियाने 359 केल्या तेव्हा पालखी शेजारच्या घरी होती. आपले गडी बाद होत गेले तशी पालखी जवळ येत गेली. मी मस्कतहून सुट्टी काढून आलो होतो, वर्षातले 30 दिवस, त्यातला एक दिवस असा जात होता म्हणून मनातून चिडलेलो. पालखी अंगणात आली, टीव्ही बंद केला, खांद्यावर घेतली, नाचवली. ढोलात सगळं विसरलो. आत गेलो तेव्हा टीव्ही लावायचं कोणाच्या लक्षातही नव्हतं.

2023च्या नोव्हेंबरला, पुन्हा ऑस्ट्रेलियाशी वर्ल्ड कप फायनल, मात्र मी मस्कतला एकटा. 240 पुरणार नाहीत हे ट्रॅव्हिस हेड जम बसवून खेळायला लागला तेव्हाच कळलं. तिथे पालखी नव्हती. तेव्हा जाणवलं की पराभव एकट्याने सोसवत नाही.

श्रीवर्धनकर
काका, एक विचारू? लाला आता कुठे आहेत?

गुहागरी वारा
@श्रीवर्धनकर, 2016ला मी निघालो तेव्हा तो विमानतळावर आला होता. नंतर दोघांचेही नंबर बदलले आणि संपर्क तुटला. तुम्ही विचारल्यावर काल त्या अकाउंटवाल्या मल्याळ्याला फोन केला. तो आता त्रिशूरला आहे. त्याने आज सकाळी नंबर पाठवला.

विहिरीजवळ जाऊन लावला. चार वेळा वाजला. पलीकडून आवाज आला, बारीक झालेला, पण तोच. मी माझं नाव सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कोकम है?"

कुडाळचे एक जण जानेवारीत शारजाला जाताहेत. लालाचा भाचा अजून तिथेच आहे. डबा भरून ठेवला आहे, या वेळी कुलूप न लावता.